समीक्षकांनी नापास केलेल्या मालिका आमच्या घरी पहिल्या नंबराने पास कशा होतात?

रामबागकर (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ९:५०

राम राम मंडळी.

मुंबईच्या एका पेपरात दर दोन-तीन महिन्यांनी एक पान येतं. नव्या मालिका कोणत्या, परत आलेल्या कोणत्या, आणि त्यात बघण्यासारखं काही आहे का. लिहिणारे गृहस्थ जुने आहेत आणि हात तिखट आहे. पेपर काही इंदुरात आमच्या दारात पडत नाही, पण पानाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर न चुकता येतो. पूर्वी काका मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने येताना आठवड्याचे पेपर सुतळीने बांधून आणायचे, त्यापेक्षा बरं.

आज आलेल्या पानाचा मथितार्थ माझ्या शब्दांत सांगतो.

परत आलेल्यांवर त्यांचा दात आहे. 'चला हवा येऊ द्या' ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, मार्च २०२४ मध्ये थांबलं आणि जुलै २०२५ मध्ये परत आलं. या वेळी सूत्रं अभिजीत खांडकेकरांकडे. समीक्षक म्हणतात, खांडकेकर सफाईने बोलतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही; पण नीलेश साबळे लिहायचे, बसवायचे आणि वर स्वतः उभे राहायचे, ते नसताना फक्त पाटी तीच राहिली, खानावळ बदलली. 'देवमाणूस'च्या तिसऱ्या फेऱ्याला, म्हणजे 'मधला अध्याय'ला, त्यांनी दीड तारा दिलाय. हिंदीतली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ३ जुलै २००० ला सुरू झाली होती, ती २९ जुलै २०२५ ला पुन्हा आली. तिच्यावर एकच ओळ : तुळस जुनी, कुंडी नवी.

नव्यांपैकी 'वीण दोघांतली ही तुटेना' सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान यांच्यामुळे तीन ताऱ्यांवर सुटली. 'लक्ष्मी निवास' सुरू होऊन बराच काळ झाला तरी रोजच्या एका तासाबद्दलचा राग गेलेला नाही. 'पीठ अर्ध्या तासाचं आणि पाणी तासाभराचं.'

शेवटी अर्धा रकाना भाषेवर. मालिकांतली मराठी म्हणजे हिंदीची उसनी साडी, वगैरे.

आता घरची गोष्ट. आई ७६ वर्षांची आहे. जन्म इंदूरचा, सासर इंदूरचं, महाराष्ट्रात राहिली ती फक्त लग्नकार्याला. तिला मी हे पान मोठ्याने वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "कोपऱ्यावरून याची मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आण."

म्हटलं, एवढं पटलं?

तर म्हणे, "पटायचं काय त्यात? कुठली कधी लागते ते कळतं."

तर प्रश्न असा : समीक्षक कोणासाठी लिहितात? आणि त्यांनी झोडपलेल्या मालिका आपल्याकडे, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याकडे, एवढ्या निष्ठेने का बघितल्या जातात?


तिरकी_रेघ | सकाळी १०:२५

कारण दुसरं काही मिळत नाही म्हणून. एवढं सोपं आहे ते.

मी समीक्षकांच्या बाजूने. फक्त परत आलेल्या सगळ्याच मालिका शिळ्या, हे त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. 'रात्रीस खेळ चाले' आठवा. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात आणि त्यानंतर घरात जे सुरू होतं ती मालिका. ती संपली. २०१९ मध्ये परत आणायची म्हटल्यावर पुढे काय दाखवणार? त्यांनी काटा मागे फिरवला. मेलेल्या म्हाताऱ्याला जिवंत करून मधोमध बसवलं. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता हे दुसऱ्याच पर्वाचं देणं आहे. शेवट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होता, तरी लोक बसले.

परत येताना काहीतरी नवीन घेऊन या, एवढंच मागणं आहे. तिसऱ्या पर्वात तेच अण्णा, तीच शेवंता, पुन्हा तेच, म्हणून ते फिकं पडलं. माझं मत.


जीरावन | सकाळी १०:४१

काय भिया, रविवारी सकाळी-सकाळी तारे मोजून राह्यले तुम्ही लोकं. पोहे थंड होऊन राह्यले इकडे.

त्या भाषेच्या रकान्याबद्दल जरा बोलू द्या. पानाचा फोटो माझ्याकडे पण आला. साहेबांनी यादी दिलीय मालिकेतल्या चुकांची. 'माझी मदत कर', पाहिजे 'मला मदत कर'. 'दुकानात भेटतं', पाहिजे 'मिळतं'. 'मी आली', पाहिजे 'मी आले'. 'भाजीत मीठ टाक', पाहिजे 'घाल'.

मी यादी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणे, हे तर आपल्या घरी बोलतात तसंच आहे, चूक कुठे आहे?

आम्ही चार पिढ्या 'पंखा चालव' म्हणून राह्यलो, तेव्हा कोणी रकाना नाही लिहिला. मुंबईची हिरॉइन बोलली तर मराठी धोक्यात आली!


सुदामानगरची_सून | सकाळी ११:१०

जीरावन, हसले खरी, पण मला थोडं गंभीर लिहायचंय.

मी मूळची पुण्याची, लग्न होऊन इथे आले त्याला अकरा वर्षं झाली. पहिलं वर्ष सासूबाईंचं 'झोपून गेली', 'खाऊन घे' ऐकून माझ्या कपाळावर आठ्या. आता माझ्याच तोंडात ते बसलंय आणि माहेरी गेले की भाऊ चिडवतो. तेव्हा इंदुरी मराठीला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. ती हिंदीच्या शेजारात दोनशे-अडीचशे वर्षं राहून झालेली मराठी आहे, तिला तिची लय आहे.

मालिकेतली 'माझी मदत कर' मात्र वेगळी. ती शेजारातून आलेली नाही, घाईतून आलेली आहे. संवाद कोणीतरी रात्री लिहितं, सकाळी सेटवर पोहोचतात, दुपारी चित्रीकरण. बऱ्याचदा मूळ कथाच दुसऱ्या भाषेतली. 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून, 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून, 'लक्ष्मी निवास' कन्नडमधून. कथा उचलायला माझी हरकत नाही, 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी'वरून होती आणि मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती मला आजही आपल्या कोथरूडमधलीच वाटते. पण जिथे कथेसोबत वाक्यंही तशीच येतात तिथे दाताखाली खडा लागतो.

आणि तरीही मी लेकीला मालिका लावून देते. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, खाली खेळायला गेली की हिंदी. घरात आम्ही तिघं मोठी माणसं मराठी बोलतो, तेही आमच्या कामापुरतं. भांडण, लाडीगोडी, टोमणे, कानात कुजबुज, ही मराठी तिला ऐकायला कुठे मिळणार? लहान असताना 'स्वराज्यरक्षक संभाजी'चे जुने भाग आजोबांबरोबर बघायची. एक दिवस मी दूध घेऊन गेले तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आम्ही दूध घेणार नाही. आमचा निरोप आजीसाहेबांना कळवा."

सहा महिने ती स्वतःला 'आम्ही' म्हणत होती. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं, हिला भावंडं किती आहेत म्हणून.


जीरावन | सकाळी ११:१४

आजीसाहेबांना निरोप 😂 यावर पाचपैकी पाच तारे.


डबाचॅनेल | दुपारी १२:३०

मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला. केबलच्या धंद्यात वीस वर्षं काढलीत, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

धागाकर्त्यांनी विचारलं, समीक्षक कोणासाठी लिहितात. आधी हे विचारा की मालिका कोणासाठी बनतात. टीआरपी मोजणारी संस्था बार्क. निवडक घरांत मीटर बसवलेलं असतं. चॅनेलच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर पकडतं आणि कुठलं चॅनेल चालू आहे ते ओळखतं. घरातलं कोण बसलंय ते घरच्यांनी बटण दाबून सांगायचं. आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात, त्या दिवशी मुंबईत कोणाच्या घरी पेढे आणि कोणाची मालिका बंद, ते ठरतं.

आता मेख ऐका. मराठी कार्यक्रमांची जी पहिल्या पाचांची यादी जाहीर होते, तिच्यावर बाजार म्हणून लिहिलेलं असतं 'महाराष्ट्र-गोवा'. आपल्या इंदुरात कोणाच्या घरी मीटर असलंच तरी ते घर धरलं जातं मध्य प्रदेशात, हिंदीच्या हिशेबात. रामबागकर, तुमच्या आईंनी 'लक्ष्मी निवास' रोज तासभर बघितली काय, न बघितली काय, त्या यादीत एक दशांशसुद्धा हलत नाही.

पैसे मात्र पूर्ण घेतात. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने चॅनेल निवडून घ्यायची पद्धत आली. इथल्या ग्राहकाला पॅक मिळतो तो हिंदी. मराठी चॅनेलं वेगळी मागून, वेगळे पैसे भरून घ्यावी लागतात. महाराष्ट्रातला माणूस मराठी चॅनेल असतंच म्हणून बघतो. इथला मागून घेतो. माझ्याकडे रिचार्ज संपल्याचा पहिला फोन नेहमी मराठी घरातून यायचा, तोसुद्धा संध्याकाळी पावणेसातला.


रामबागकर (धागाकर्ता) | दुपारी १२:५२

हे मला खरंच माहीत नव्हतं. आईला सांगितलं. ती म्हणे, "मोजत नाहीत तर मग आमच्यासाठी बनवत पण नसतील. तरी बरी बनते."


तिरकी_रेघ | दुपारी १:२०

डबाचॅनेल, माहिती उत्तम, वाचनखूण साठवली. पण निष्कर्ष उलटा निघतो ना?

तुम्ही मोजले जात नाही, म्हणजे तुमच्या बघण्याने वाईट मालिकेला बळ मिळत नाही, इथपर्यंत ठीक. पण मग तुमच्या न बघण्याची भीतीही कोणाला नाही. अशा वेळी तुमच्या वतीने भांडणारा एकच माणूस उरतो, पेपरातला समीक्षक. त्यालाच तुम्ही वेळापत्रक म्हणून वापरताय.

आणि सुनबाई, मुलीला मराठी ऐकायला मिळावी म्हणून मालिका, हे मला पटत नाही. ऐकायला आकाशवाणी आहे, नाटक आहे. तुमच्याकडे तर सानंद न्यास मुंबई-पुण्याची नाटकं खंडवा रोडच्या सभागृहात आणतं आणि एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग करावे लागतात इतके सभासद आहेत, असं ऐकून आहे. एवढा नाटकवेडा गाव आणि घरात बसून सासू-सुनेचं विष कालवणं बघतो?


सुदामानगरची_सून | दुपारी १:४५

नाटक महिन्या-दोन महिन्यातून एकदा. मराठी रोज लागते.

बाकी विष कालवणं मलाही आवडत नाही. त्या वेळी मी कुकर लावते.


राजवाडा_सातमजली | दुपारी ३:०५

उशिरा आलो, क्षमस्व. दुपारची झोप.

समीक्षक कसा असावा यावर इंदूरच्या माणसाला फार समजावू नका. जयप्रकाश चौकसे आमच्याच गावचे. 'परदे के पीछे' हा त्यांचा स्तंभ दैनिक भास्करमध्ये सव्वीस वर्षं रोज येत होता, २०२२ मध्ये ते जाण्याच्या काही दिवस आधी थांबला. चित्रपटावर लिहिता लिहिता ते कुठून कुठे जायचे! कधी कधी सिनेमा राहायचा बाजूला आणि आपण राजकारण, कविता, स्वयंपाकघर फिरून यायचो. तारे देत बसल्याचं मला आठवत नाही. वाचून झाल्यावर सिनेमा बघायचा की नाही ते आपलं आपण ठरवायचं. मुंबईच्या साहेबांचं पान मीही वाचलं. हुशार आहेत. पण ते गोष्टीच्या मागे लागलेत. 'पुढे काय होणार हे आधीच कळतं', ही तक्रार पानात चार ठिकाणी आहे.

आता ऐका. जानेवारी २०२१ मध्ये सोनीवर 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' सुरू झाली. हिंदी मालिका, मराठी वाटावी म्हणून मधूनमधून 'आई' नि 'बाबा'. राजेश शृंगारपुरे मल्हारराव. आमच्या गावात ती कशी बघितली गेली असेल कल्पना करा. इथे विमानतळ अहिल्याबाईंच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचं. बाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आलमपूरला गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेले, मग बाईंनी महेश्वरातून कारभार केला, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पाठ. रहस्य शून्य. तरी आमच्या हिच्या मैत्रिणींची बैठक रोज संध्याकाळी, आणि रोज चर्चा एकच : "अजून खंडेराव आहेत ना?" जणू यंदा कुंभेरीचा गोळा चुकणार होता.

चुका काढायचा कार्यक्रम वेगळा. असा वाडा महेश्वरला नाही, नऊवारीचा काष्टा असा नसतो, आमच्या आजीने सांगितलं होतं ते दाखवलंच नाही. एकही भाग चुकवला नाही.

अण्णा नाईकांचं उदाहरण तिरकी रेघ यांनीच दिलंय. शेवट ठाऊक असून लोक बसले. तेच म्हणतोय मी.


तिरकी_रेघ | दुपारी ३:३०

पकडलंत. पण अण्णांच्या बाबतीत 'कसं झालं' हे ठाऊक नव्हतं, आणि लेखन घट्ट होतं. ठाऊक असलेलं चांगलं सांगणं आणि ठाऊक असलेलं पाणी घालून सांगणं यात फरक आहे की नाही? तासाभराच्या मालिकेत आधी काल काय झालं, मग जाहिराती, मग दारात उभ्या असलेल्या बाईचा चेहरा तीन बाजूंनी, मग उद्या काय होणार.


डबाचॅनेल | दुपारी ३:४४

जाहिरातींना तासाला बारा मिनिटांची मर्यादा आहे, त्यात चॅनेलच्या स्वतःच्या जाहिराती धरून. तीन बाजूंच्या चेहऱ्याला मात्र कुठलाच नियम नाही.


संपादक | दुपारी ४:००

'देवमाणूस'मध्ये पुढे कोण मरणार याबद्दलचा एक प्रतिसाद काढून टाकला आहे. धाग्यावर शेवट ठाऊक असण्याचं कितीही कौतुक चाललं असलं तरी कृपया तसं करू नये.


शिकंजी | दुपारी ४:३२

मी एकटीच आहे का जी टीव्हीवर काही बघत नाही? मी बंगळूरला, फोनवर अ‍ॅपवर बघते, भाग टीव्हीच्या आधीच येतो. मग रात्री आईला इंदूरला फोन करते आणि ती सांगायला लागते तेव्हा 'हो का? मग?' करत ऐकते. तिला अजून माहीत नाही की मी आधीच बघितलंय.

'चला हवा'बद्दल मात्र समीक्षकांशी शंभर टक्के सहमत. मला विनोदापेक्षा पोस्टमनकाका आठवतात. सागर कारंडे खाकी कपड्यात यायचे, अरविंद जगतापांचं पत्र वाचायचे आणि हसता हसता बाबा एकदम गप्प व्हायचे. बाबा टीव्हीसमोर रडलेले मी तेवढेच पाहिले. तो भाग परत कोणी आणला तर मी तारे वगैरे बघणार नाही.


जीरावन | दुपारी ४:५०

शिकंजी, आईला सांगू नको कधीच.

अवांतर : थंडीतले गराडू कंद निघाले सराफा बाजारात. सांगून ठेवतो.


रामबागकर (धागाकर्ता) | संध्याकाळी ६:१५

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा लांबला.

राजवाडा काकांच्या 'शेवट ठाऊक' मुद्द्यावर घरचा एक पुरावा देतो. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि त्याच बंगाली कथेवरची हिंदी 'अनुपमा' जुलै २०२० ला. मधे सात महिने. आमच्या गल्लीत दोनच मराठी घरं, बाकी सगळे हिंदी बोलणारे. आई साडेसातला अरुंधतीला बघायची आणि दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी शेजारणींना सांगायची, बघा, तुमच्या अनुपमाचं आता असं होणार. बहुतेक वेळा तसंच व्हायचं. गल्लीत आईचा भाव काय वधारला होता! बायका पापड लाटायला मुद्दाम आमच्याकडे बसायच्या. पुढे दोन्ही कथांनी वेगळ्या वाटा धरल्या, आईची दोन-तीन भाकितं साफ चुकली, आणि शेजारच्या काकूंनी तोंडावर सांगितलं, "आपका मराठीवाला तो गड़बड़ है." ते तिला फार लागलं. आठवडाभर तिने 'अनुपमा'चं नाव काढलं नाही.

आता त्या प्रिंटचं. तिरकी रेघ, तुम्ही म्हणालात आम्ही समीक्षकाला वेळापत्रक केलंय. ते मी आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावला आणि कागद पुढे केला. पेन्सिलीने खुणा होत्या. ज्या मालिकेला साहेबांनी 'अश्रूंचा महापूर' म्हटलंय तिच्यापुढे बरोबरची खूण. 'संथ'पुढे दोन. 'वेगवान आणि धक्कादायक' जिथे लिहिलंय तिथे फुली, त्यापुढे 'बीपी' असं लिहिलेलं. 'तुळस जुनी, कुंडी नवी'खाली रेघ ओढून प्रश्नचिन्ह. विचारलं तर म्हणे, "तुळशीची कुंडी बदलावीच लागते, नाहीतर मुळं गुदमरतात. यात टीका कुठे आहे?"

म्हणजे साहेबांचा शब्दन् शब्द तिने वाचलाय. फक्त अर्थ तिचा.


तिरकी_रेघ | संध्याकाळी ६:४०

बीपी 🙂 आईंना नमस्कार सांगा. 'वीण दोघांतली'पुढे काय खूण आहे ते कळवा, मी अजून ठरवलेलं नाही.


रामबागकर (धागाकर्ता) | संध्याकाळी ६:४७

तिथे अर्धी बरोबर. उरलेली अर्धी पुढच्या आठवड्यात देणार आहे म्हणे.

आणि डबाचॅनेल, तुमची वेळ अचूक ठरली. आताच पडद्यावर पट्टी आलीय, रिचार्ज संपला. आई हाक मारून राहिली आहे, जातो.